बुजवलेल्या दारातलं टेबल

धाकट्या मुलीची बदली लांब झाली आणि तिची मुलगी पुढचं शिकायला आजी-आजोबांकडे राहायला आली, त्या वर्षी त्याने पहिल्यांदा हातात करवत धरली. तोवरचं सगळं आयुष्य कात्रीवर गेलं होतं. दुकान कधीच बंद झालं होतं, शिवणयंत्र आवरण घालून खिडकीखाली बसलं होतं, आणि नात जमिनीवर मांडी घालून, मांडीवर उशी आणि उशीवर वही ठेवून लिहायची. गिऱ्हाइकाच्या पाठीकडे पाहून खांदा कुठला उतरलाय ते सांगणारा माणूस तो. नातीची पाठ रोज थोडी थोडी वाकताना त्याला बघवेना. एका सकाळी तो म्हणाला, ‘तुला भिंतीला टेबल करून देतो.’ नात म्हणाली, ‘आजोबा, विकत मिळतं.’ बायको आतून म्हणाली, ‘करू दे गं. नाहीतर दिवसभर माझ्या पायात पायात येतात.’ जागा एकच होती. आतल्या खोलीत पलीकडच्या, वारलेल्या थोरल्या भावाच्या घराला लागून असलेल्या भिंतीत दाराएवढा एक खण होता. कधी काळी ते दारच होतं. बुजवताना गवंड्याने विटा पलीकडच्या अंगाला लावल्या, त्यामुळे त्यांच्या बाजूची भिंत सपाट झाली आणि इकडे हातभर खोलीचा खण राहिला. त्यात आजवर छत्र्या आणि जुनी वर्तमानपत्रं असायची. दुपारी बायको पडली होती, नात कॉलेजात होती. तो खणासमोर उकिडवा बसला आणि स्क्रू कुठे धरेल ते बघायला बोटं मुडपून विटांवर ठोकू लागला. टक टक, भरीव. थोडं खाली, टक टक, पोकळ. कान लावून ऐकत होता. आणि पलीकडून आलं, टक टक.

आधी वाटलं, आपलाच आवाज परत आला. मग लक्षात आलं, आपण ठोकलंच नव्हतं. हात हवेतच राहिला. चोरून बरणीत हात घातलेल्या पोरासारखा तो तसाच थिजून बसला, नाकात जुन्या चुन्याचा वास, गुडघ्यात कळ. वहिनींना त्रास होतोय. दुपारची झोप मोडली असेल, ‘बंद करा’ म्हणत असतील. त्यांचा पलंग भिंतीला लागून आहे हे त्याला ऐकून माहीत होतं. माकडहाड मोडल्यापासून त्या फारशा उठत नाहीत, मुलगा कामावर गेला की दिवसभर एकट्याच असतात, हेही ऐकूनच. सगळं ऐकूनच माहीत होतं, आणि मध्ये एक वीट होती. त्याने खडू, टेप, हातोडी गुपचूप उचलली आणि बायको उठायच्या आत छत्र्या पुन्हा खणात उभ्या करून ठेवल्या. पण चहा पिताना बोटांना तो आवाज लागून राहिला होता. हाडाचा नव्हता तो, लाकडाचाही नव्हता. बारीक, कडक, लोखंडी. त्याला एकदम कळलं तो कसला आवाज आहे, आणि त्याने कप खाली ठेवला.

ते शिवताना बोटात घालायचं टोपण होतं. दुकानात कापायचं मोठं टेबल होतं, त्याच्या एका टोकाला भाऊ कापड कापायचा, मधे याचं यंत्र चालायचं, आणि दुसऱ्या टोकाला वहिनी काजं-बटणं करत बसायच्या. तोंडात कायम दोरा, त्यामुळे बोलायची सोय नसायची. कात्री हवी असली की त्या टोपणाने टेबलावर दोनदा ठोकायच्या, आणि यंत्रावरची नजर न हलवता तो कात्री सरकवायचा. गिऱ्हाईक उगाच घासाघीस करू लागलं की त्या हळूच एकदा ठोकायच्या, म्हणजे ‘भावजी, हसू नका.’ तो हटकून हसायचा. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता. पहिली सुई त्याच्या हातात भावाने दिली असं सगळे म्हणत, पण सुईत दोरा ओवायला वहिनींनीच शिकवलं. दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं करायचं, सुई दोऱ्याकडे आणायची, दोरा सुईकडे नाही. इतकी साधी गोष्ट. पुढे कित्येक पोरांना त्याने ती स्वतःची म्हणून शिकवली.

भाऊ गेला तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी दोन्ही घरं भरलेली असायची. मधलं दार भावानेच भिंतीत पाडलेलं, दोन घरांचं एक करायला. माणसं इकडून शिरायची आणि तिकडून बाहेर पडायची. जुना एक कापडवाला बसला होता. तो म्हणाला, ‘दोघा भावांनी दुकान उभं केलं.’ वहिनींचे डोळे रडून सुजलेले. त्या म्हणाल्या, ‘उभं यांनी केलं. भावजी नुसते उभे राहिले.’ कुणीतरी हसलं. खरं तर तसं कुणी हसलंही नसेल, नुसता खोकलाही असेल, पण त्याला ते हसू वर्षानुवर्षं ऐकू येत राहिलं. नवरा गेलेली बाई दुःखात काहीही बोलते, हे तो दुसऱ्या कुणालाही समजावून सांगू शकला असता. महिना संपायच्या आत त्याने गवंडी बोलावला. पुतण्या कामावरून आला तर दारात विटांची रांग गुडघ्यापर्यंत आलेली. तो म्हणाला, ‘काका, हे काय?’ आणि तेव्हा, कसलाही विचार न करता, जणू तोंडात तयारच होतं, तसं तो म्हणाला, ‘काय करू बाबा. तुझ्या काकूचं म्हणणं आहे. बायकाबायकांचं पटत नाही, आपण मध्ये कशाला पडा.’ बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं की नाही ते त्याने कधी विचारलं नाही. तिचं काहीच म्हणणं नव्हतं. उलट विटा आलेल्या पाहून ती एवढंच म्हणाली होती, ‘वाटी-चमचा द्यायला आता जिना चढउतार करायचा का?’ जिना कसला, समोरासमोर तर दारं. पण एकदा भिंत उभी राहिली की समोरचं दारही लांब जातं. त्या एका वाक्यावर नंतरची सगळी वर्षं निघाली. वहिनी बायकोशी बोलेनाशा झाल्या, बायको त्यांच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागली, आणि तो, दोघींच्या भांडणात सापडलेला बिचारा पुरुष म्हणून, नातेवाइकांत थोडा भावही खाऊ लागला. ‘माझं काही नाही हो,’ तो म्हणायचा, ‘माझ्या मनात वहिनींबद्दल कधीच काही नव्हतं.’ हे म्हणताना त्याचा आवाज खराच भरून यायचा.

म्हणून तर जाता येत नव्हतं. पुन्हा बोलणं सुरू झालं, तर आज ना उद्या वहिनी बायकोला म्हणणार, ‘तू भिंत घातलीस,’ आणि बायको म्हणणार, ‘मी?’ दोघींचा अबोला म्हणजे त्याच्या डोक्यावरचं छप्पर होतं. वहिनी पडल्या तेव्हाही तो गेला नाही. बायको म्हणाली होती, ‘तुम्ही तरी बघून या.’ तो म्हणाला, ‘तुला वाईट वाटेल.’ ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि भाजी निवडू लागली.

दोनतीन दिवस त्याने टेबलाचं नाव काढलं नाही. मग नात एका संध्याकाळी पलीकडून आली. ती दोन्हीकडे मोकळी हिंडायची, तिला अबोला लागू नव्हता. पायातल्या चपला भिरकावत ती म्हणाली, ‘आजोबा, मोठी आजी विचारत होती, ठोकायचं बंद का केलं म्हणून.’

‘का? त्रास होतो म्हणाल्या?’

‘त्रास कसला! म्हणाली, दुपार सरत नाही, तेवढाच आवाज होता. मी सांगितलं, माझं टेबल होतंय. तर म्हणाली, भावजी करतायत ना, मग तुझं लग्न होईपर्यंत होईल.’

बायको खुदकन हसली. तोही हसला, आणि हसता हसता उठून मोरीत तोंड धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी छत्र्या निघाल्या. त्याने ठोकलं. पलीकडून आलं. आधी भीतभीत, कामाच्या निमित्ताने, खरंच जागा शोधत असल्यासारखं. मग काम बाजूलाच राहिलं. तो दोनदा ठोकायचा, त्या तीनदा, तो तीनदा, त्या थांबायच्या आणि एकदाच, हळूच. ते एकदाच ओळखून त्याला खणात तोंड घालून एकट्यालाच हसू यायचं. गंमत संपली की तो शर्टाच्या बाहीने कपाळ पुसायचा. चार पावलांवर दार होतं. तिथे जाऊन ‘कशा आहात’ विचारायच्या ऐवजी हा माणूस विटेशी बोलत होता. आणि ते बोलणं चालू राहावं म्हणून, हे त्याला स्वतःशीही नीट कबूल करवत नव्हतं, टेबल लांबत चाललं. फळी आणली ती त्याने चपट्या खडूने आखली, आणि करवतीने कापताना हाताला जी सवय तीच नडली. शिलाईत जाईल म्हणून दोन्हीकडे बोटबोटभर जास्त सोडलं. खणात बसवायला गेला तर फळी चौकटीवरच अडली. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘लाकडाला दुमड घालणार होता का?’ नात हसून हसून जमिनीवर लोळली. ‘आजोबा, बाही पण लावा त्याला! मागे चुण्या!’ त्यालाही हसू आलं. पण रात्री पडल्यावर वाटलं, हात खरंच चुकला, की चुकवला? फळी पुन्हा कापायची म्हणजे आणखी चार दुपारी. मग पॉलिश पेपर घासण्यात काही दुपारी गेल्या. मग रिळाच्या दोऱ्याला बटण बांधून ओळंबा केला आणि आधाराचे दोन लोखंडी कोन उभे सरळ येतात का ते बघत बसला. दोन दिवस आधीच सरळ आलेलं त्याने पुन्हा पुन्हा बघितलं. तिकडे नात उशीवर वही ठेवून लिहीत होती आणि मान एकीकडे धरून चालत होती. ‘मान अवघडली का?’ त्याने विचारलं. ‘नाही हो, फॅशन आहे,’ ती म्हणाली. परीक्षा जवळ आली होती. एका सुखासाठी तो दोघींना झुलवत होता, एकीला पाठदुखीवर आणि एकीला आवाजावर, आणि तिसरीला कशावर, ते तर मनात आणायचंही त्याचं धाडस नव्हतं.

शेवटी एके दिवशी त्याने ठरवलं. कोन बसले, फळी बसली, एका बाजूचे स्क्रू पक्के झाले. दुपारी बायको आणि नात टेबलासाठी दिवा आणायला बाजारात गेल्या. ‘आल्यावर टेबल तयार पाहिजे हं,’ नात जिन्यातून ओरडली. घरात कुणी नव्हतं. तो दुसऱ्या बाजूच्या स्क्रूसाठी फळीखाली शिरला, पाठ जमिनीला, तोंड वर, लाकडाचा भुसा डोळ्यांत. आज काम संपलं की ठोकायला निमित्त उरणार नाही, हे मनात घोळत होतं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. नेहमीसारखा नव्हता. टोपणाचा कडक आवाज नव्हता, तळहाताने थोपटल्यासारखा, बोथट. आणि खालून येत होता, अगदी जमिनीजवळून, त्याच्या कानाच्या पातळीवर. त्याला वाटलं, बघा, त्यांनाही कळलं मी खाली शिरलोय म्हणून. नातीने सांगितलं असेल, आज पुरं होणार. त्याने पेचकसाची मूठ विटेवर आपटून उत्तर दिलं. तिकडून लगेच आलं, भराभर. त्याने भराभर दिलं. त्या थांबल्या, तो थांबला. पुन्हा आलं, तीनदा, चारदा. असा खेळ कधी रंगला नव्हता. भुशातल्या भुशात पडून तो लहान पोरासारखा हसत होता, आणि तोंडाने, कुणी ऐकत नाही म्हणून, म्हणत होता, ‘घ्या वहिनी, ही घ्या कात्री.’ मग आवाज विरळ होत गेला. दमल्या असतील. त्याने शेवटचा स्क्रू पिळला, बाहेर आला, फळीवर दोन्ही हातांनी भार देऊन पाहिला. हलली नाही. खूप दिवसांनी त्याला स्वच्छ, हलकं वाटलं, आणि तो शांतपणे चहाचं आधण ठेवायला गेला.

पुतण्या संध्याकाळी आला तेव्हा दिवा लावून नात नव्या टेबलाशी बसली होती. दार जोरजोरात वाजलं. ‘काका, आई खाली पडलीय. पाण्याचा तांब्या घ्यायला वाकली आणि पलंगावरून घसरली. दुपारपासून तशीच आहे.’ तो उठला, आणि एवढी वर्षं न चाललेली ती चार पावलं कशी चालला ते त्याला नंतर आठवलं नाही. वहिनी भिंतीशी जमिनीवर कुशीवर होत्या, तळहात अजून विटेला टेकलेला. टोपण पलंगावर राहिलं होतं. सांडलेलं पाणी त्यांच्या लुगड्याखाली वाळून गेलं होतं. बायको त्याच्या मागून आत घुसली, खाली बसली, वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘तुम्ही घरात होतात ना? काही आवाज नाही आला?’

‘आला,’ तो म्हणाला.

इस्पितळात त्यांना खुब्याजवळ खिळे घालावे लागतील म्हणाले, पण छातीत कफ भरला होता म्हणून थांबले. दोन दिवसांनी त्या बोलू लागल्या. तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, बायको उशाशी. बायकोने चमच्याने पाणी पाजलं. वहिनींनी मान वळवून त्याला शोधलं. चेहरा एवढासा झालेला, डोळे तेच. ‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही ठोकत होतात म्हणून बरं गेलं. कुणीतरी आहे एवढं कळत होतं.’ त्या रागावल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. तो बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसला. शेजारी कुणीतरी संत्रं सोलत होतं.

घरी जाताना बायको त्याच्या बाजूने चालत होती. रस्त्याकडेच्या एका दुकानात पुतळ्याला कोट घातला होता, बाही मागे ओढली होती. तो नेहमीप्रमाणे थांबून बघेल म्हणून ती थांबली. तो थांबला नाही. मग चालता चालताच तो म्हणाला, ‘एक सांगायचंय तुला. ते दार...’

‘माहीत आहे.’

‘काय माहीत आहे?’

‘माझ्या नावावर घातलीत भिंत, तेच ना? मी स्वयंपाकघरात होते, बहिरी नव्हते.’

तो चालत राहिला.

‘आणि जाऊबाईंनाही माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘भिंत वाळायच्या आत जाऊन सांगून आले मी. म्हटलं, माझं काही नाही, तुमच्या दिराचंच डोकं. तर म्हणाल्या, माहीत आहे गं, तो असाच आहे, लहानपणापासून. काच फोडली की मांजराचं नाव सांगायचा.’

‘मग बोलत का नव्हतात तुम्ही दोघी?’

‘बोलत होतो की. तुम्ही सकाळी फिरायला जायचात तेव्हा. परवा पडल्या त्या दिवशी सकाळीही मी केस विंचरून आले होते.’

‘आणि मला...’

‘त्यांना वाटायचं, तुमच्या तोंडून यावं. म्हणाल्या, आपण गप्प बसू, सांगेल कधीतरी. मी म्हटलं, नाही सांगायचे हो, मी संसार करते त्यांच्याबरोबर. तरी त्या म्हणाल्या, सांगेल.’ तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘टेबल करायला घेतलंत तेव्हा मला म्हणाल्या, आता भिंतीपर्यंत तर आलाय.’

रस्ता ओलांडताना तिने त्याचा दंड धरला. एरवी धरत नसे. तो मनात मागे मागे जाऊन सगळ्या दुपारी उसवत होता. एकेक टक टक आता वेगळी ऐकू येत होती. त्या खेळत नव्हत्या. त्या वाट बघत होत्या. त्याने केलेल्या त्या एवढ्या मोठ्या खोट्याखाली कुणीच राहत नव्हतं, तो एकटाच इतकी वर्षं ते सांभाळत बसला होता, आणि त्याला ते सांभाळू देणाऱ्या दोन बायका सकाळी केस विंचरत त्याच्याविषयी हसत असतील, किंवा हसतही नसतील. हसत असाव्यात, असं त्याला फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच गेला. आत शिरताना वाक्य तयार होतं, सोपं होतं, शाळेतल्या पोरालाही पाठ होईल एवढं: वहिनी, ती भिंत मी घातली. वहिनी जाग्या होत्या. नाकात नळी होती, तरी त्याला पाहून त्यांनी बोट हलवलं, बस म्हणून. तो स्टुलावर बसला. खिडकीतून ऊन त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं, आणि त्याच्या नजरेने सवयीने पांघरुणाची उसवलेली कड हेरली.

‘फळी सरळ बसली का?’ त्यांनी विचारलं.

‘बसली.’

‘पोरगी बसते तिथे?’

‘बसते. दिवा पण आणलाय.’

त्या थांबल्या. श्वास पुरत नव्हता. डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. त्या डोळ्यांत काय आहे ते त्याला कळत होतं, पूर्ण कळत होतं. त्यांनी दोरा ओला करून पुढे धरला होता, आता सुई त्यानेच आणायची होती.

‘एवढंच सांगायला आलात, भावजी?’

‘हो,’ तो म्हणाला.

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली असावी. तो पांघरुणाची कड चिमटीत धरून बसून राहिला, नर्स येऊन उठा म्हणेपर्यंत.

वहिनी त्या वर्षी, थंडी नुकती सुरू झाली तेव्हा, एका मंगळवारी दुपारी इस्पितळात वारल्या. त्यांच्याजवळ त्या वेळी त्याची बायको होती.